एक चाल, दोन भाषा : हंगेरियन ‘ओमेगा’च्या ध्वनिमुद्रिकांतील शब्द आणि स्वर

एका भाषेतील गीत दुसऱ्या भाषेत नेणे आणि एकाच चालीवर दोन भाषांतील शब्द बसविणे या दोन क्रिया वरवर सारख्या दिसल्या तरी त्यांचे स्वरूप भिन्न आहे. पहिलीत मूळ संहितेचे आधिपत्य असते. दुसरीत ते चालीचे असते. या भेदाच्या अभ्यासास बुडापेश्त येथे १९६२ साली स्थापन झालेल्या ‘ओमेगा’ या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकांइतकी सोयीची सामग्री क्वचितच आढळेल. यानोश कोबोर (मृत्यू २०२१) याचे गायन आणि लास्लो बेंको (मृत्यू २०२०) याचे ऑर्गन व सिंथेसायझर यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या या वृंदाने १९७० नंतरच्या दशकात अंतराळाचा आभास निर्माण करणारे, ‘स्पेस रॉक’ म्हणून ओळखले जाणारे संगीत रचिले. मायदेशात ते हंगेरियनमध्ये, तर पश्चिम जर्मनीतील बेलाफोन या कंपनीद्वारा इंग्रजीत प्रसिद्ध होत असे.

यांपैकी ‘टाइम रॉबर’ ही इंग्रजी ध्वनिमुद्रिका १९७६ची व तिची हंगेरियन जोड ‘इदोरॉब्लो’ १९७७ची. प्रसिद्धीच्या क्रमाने इंग्रजी संहिता आधीची ठरते. म्हणून मूळ कोणते व अनुवाद कोणता, हा प्रश्न येथे जवळजवळ निरर्थक होतो. शीर्षकांचा अर्थ मात्र एकच आहे : ‘इदो’ म्हणजे काळ, ‘रॉब्लो’ म्हणजे लुटारू. परंतु उच्चारात केवढे अंतर! हंगेरियनमध्ये आघात नियमाने शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडतो. स्वराचे ऱ्हस्वदीर्घत्व मात्र आघाताहून स्वतंत्र असून अर्थभेदक असते. ‘इर्त’ म्हणजे नायनाट करतो, ‘ईर्त’ म्हणजे लिहिले. ‘इदोरॉब्लो’त आघात ज्या अक्षरावर पडतो ते लघू आहे आणि पुढची तिन्ही गुरू आहेत (तिसऱ्यातील स्वर ऱ्हस्व असला तरी पुढील जोडव्यंजनामुळे ते गुरू होते). आपल्या परिभाषेत हा यगण व वर एक गुरू. ही परिभाषा येथे उपरी नाही. ग्रीक-लॅटिन मात्रावृत्ते आघातांची तडजोड न करता ज्या थोड्या आधुनिक युरोपीय भाषांत रचता येतात, त्यांत हंगेरियनची गणना होते आणि बेर्झेन्यी (१७७६–१८३६) याची कविता त्याचे प्रमाण आहे.

इंग्रजी ‘टाइम रॉबर’ तीनच अक्षरांचे आहे. त्याचे अंत्य अक्षर निराघात असल्यामुळे त्यातील स्वर पुसट होतो. हंगेरियनमध्ये निराघात स्वरही आपला गुण टाकीत नाही. अंत्य ‘लो’ गायकाने हवा तेवढा लांबवावा, शब्दास इजा पोहोचत नाही. लांबच लांब स्वरांवर उभ्या असलेल्या या संगीतास हंगेरियन अधिक मानवते, असे म्हणावयास हरकत नसावी.

१९७८ची जोडी अधिक बोलकी आहे. इंग्रजी शीर्षक ‘स्कायरोव्हर’, म्हणजे नभोविहारी. हंगेरियन ‘चिल्लॉगोक ऊत्यान’, म्हणजे ताऱ्यांच्या वाटेवर. येथे अनुवादाचा प्रयत्नच नाही. हंगेरियन पद उलगडून पाहावे : ‘चिल्लॉग’ तारा, ‘ओक’ अनेकवचन, ‘ऊत’ वाट, त्यास ‘त्याची’ या अर्थाचा प्रत्यय आणि शेवटी ‘वर’ या अर्थाचा ‘न’. हा ‘न’ लागताना आधीच्या प्रत्ययाचा अंत्य स्वर दीर्घ होतो. मराठी वाचकास ‘वाटे-वर’मधील सामान्यरूपाची आठवण व्हावी. फरक एवढाच, की मराठी षष्ठीची खूण ताऱ्यांवर ठेवते, हंगेरियन ती वाटेवर ठेवते. १९७९च्या ‘गॅमापोलिस’मध्ये तर ग्रीक घटकांनी घडविलेले एकच नाव दोन्ही भाषांस पुरले.

अशा ध्वनिमुद्रिकांचे रीमास्टरिंग होते तेव्हा भाषाभ्यासकाने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. या क्रियेत गायकाचा आवाज वाद्यांपासून वेगळा काढून सुधारला जात नाही. मिश्रित मुद्रणाचा एकूण तोल तेवढा बदलतो. मूळ फितीवरून काळजीपूर्वक केलेल्या कामात उच्च कंपनांचा पट्टा स्वच्छ होतो व त्याचा लाभ ऊष्म वर्णांना मिळतो. तबकडीवर तीव्र ऊष्म वर्ण नीट कोरता येत नाहीत, म्हणून ते पूर्वी मुद्दाम सौम्य केले जात. हंगेरियनमध्ये ‘शो’ म्हणजे मीठ आणि ‘सो’ म्हणजे शब्द. ‘स’ची ऊर्जा ‘श’हून वरच्या पट्ट्यात असते, त्यामुळे तो पट्टा मंदावला की हाच भेद प्रथम धूसर होतो.

दुसरी गोष्ट उलट दिशेची आहे. अलीकडच्या अनेक पुनःसंस्करणांत एकूण आवाज वाढविण्यासाठी मोठ्या व लहान ध्वनींतील अंतर दाबले जाते. आघाताची जाणीव काही अंशी याच अंतरावर अवलंबून असते. हंगेरियन आघाताचे स्थान ठरलेले असल्याने तेथे ही हानी भरून निघते. इंग्रजीत निघतेच असे नाही. म्हणून दोन्ही संहितांतील आघातांचे मापन करावयाचे असल्यास जुनी तबकडीही समोर ठेवावी लागेल.