व्यायाम चौथ्या महिन्यात का सुटतो?

व्यायाम कसा करावा हे सांगणारे पुष्कळ आहेत. तो सुटतो का, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. मी स्वतः तो तीन वेळा सोडलेला मनुष्य आहे, तेव्हा ह्या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार मला पोहोचतो.

पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. पुढे आकुर्डी, भोसरी आणि ह्या शतकात चाकण, असा हा सारा पट्टा यंत्रांनी गजबजून गेला. येथे तालमीची परंपरा जुनी. भोसरीचे नाव तर कुस्तीशी जोडलेलेच आहे. आता तालमींच्या जोडीला गल्लोगल्ली जिम आल्या आहेत. जानेवारीत तेथे उभे राहावयास जागा नसते आणि शिमग्याच्या सुमारास वजने नुसती पडून असतात. ‘लोक आळशी’ असे म्हणून आपण मोकळे होतो. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो.

शरीरात घडते काय ते पाहा. पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते. पण ही वाढ मुख्यतः स्नायूंची नव्हे, मज्जासंस्थेची असते. अधिक स्नायुतंतू एकाच वेळी कामास कसे लावावेत, हे मेंदू शिकतो. स्नायू डोळ्यांना दिसेल इतका भरणे हे महिन्यांच्या हिशेबाचे काम. म्हणजे आरंभी फळ हातोहात मिळते आणि मग एकाएकी सारे थांबल्यासारखे वाटते. नेमका तेथेच मनुष्य घरी बसतो.

ह्यावर जुन्या वस्तादांचा उपाय साधा होता. नव्या पोराला ते एकदम पाचशे बैठका घालू देत नसत. आकडा थोडाथोडा चढवीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डी लॉर्म नावाच्या अमेरिकन डॉक्टराने जखमी सैनिकांवर हेच तत्त्व वापरले आणि त्याला शास्त्राचे रूप दिले. आपण त्यात एका वहीची भर घालावी. आरसा महिनोन् महिने काही बोलत नाही. पण मागच्या महिन्यात आठ वेळा उचललेले वजन आज दहा वेळा उचलले, हे वही सांगते.

खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले. तेथील गादीची त्यांना सवय नव्हती. १९५२ साली हेलसिंकीस त्यांनी कांस्यपदक मिळविले. आपण पदकाची गोष्ट सांगतो. मधल्या चार वर्षांची सांगत नाही!

कोणी म्हणेल, कारखान्यात दिवसभर अंग मोडते, आणखी व्यायाम कशाला? पण थकणे आणि बलवान होणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कामात तोच सांधा तीच हालचाल हजारदा करतो. भार मापून वाढत नाही आणि बाकीचे अंग तसेच राहते.

पाळीची अडचण मात्र खरी आहे. सवय ठरलेल्या खुणेला चिकटते, आणि येथे तर दर आठवड्याला घड्याळच बदलते. म्हणून वेळ न ठरविता प्रसंग ठरवावा: झोपून उठलो, चहा झाला, की व्यायाम. रात्रपाळी असली तर ते दुपारी होईल, इतकेच. लंडनच्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा त्यांचा अंदाज. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यांना आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना, स्त्रियांनाही, स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस सांगितला आहे. रोजचा अट्टाहास धरून महिन्यात सोडणाऱ्यापेक्षा दोन दिवसवाला पुढे जातो.

आणि एकट्याने करू नये. तालमीत लाल माती होती, मुद्गल होते, पण ‘काल का आला नाहीस रे?’ असे विचारणारा कोणीतरीही होता. तुमच्याच पाळीतला एक सोबती गाठा. माझी चौथी खेप टिकली ती शेजाऱ्यामुळे; तो खालून हाक मारतो आणि मला ‘आज नको’ म्हणण्याची लाज वाटते.