पाचशे मीटर आणि चोवीस वर्षे



खेळ म्हटला की आपल्याकडे कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेट. पाण्यातला खेळ म्हणजे विहिरीत मुटका मारायचा नि तळाची माती वर आणून दाखवायची, एवढीच आपली ओळख. पण जगात एक शर्यत अशी आहे की ती दोन मिनिटांच्या आत संपते आणि त्या दोन मिनिटांसाठी माणसं उभा जन्म घालवतात. त्या शर्यतीचं नाव कयाक स्प्रिंट. त्यात सहा ऑलिंपिकमधून आठ सुवर्णपदके मिळवणाऱ्या बिर्गिट फिशर या जर्मन बाईंची हकिकत या लेखात देत आहोत. पहिले सुवर्ण त्यांनी १८ व्या वर्षी घेतले आणि शेवटचे ४२ व्या वर्षी. मध्ये त्यांना दोन मुले झाली, आणि ज्या देशासाठी त्या पहिल्यांदा खेळल्या तो देशही मध्येच नकाशावरून नाहीसा झाला.

ही शर्यत असते तरी कशी?

कयाक म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून झाकलेली अरुंद नाव. मध्ये माणूस बसेल एवढीच मोकळी जागा. उत्तर ध्रुवाकडचे इनुइट लोक लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सील या प्राण्याचे कातडे ताणून अशा नावा करीत व त्यांतून शिकार करीत. शर्यतीची नाव त्याच घाटाची, पण फार हलकी. एकट्याच्या नावेची लांबी नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ५ मीटर २० सेंटिमीटर आणि वजन कमीत कमी १२ किलो. म्हणजे क्विंटलच्या एका पोत्याच्या वजनात अशा आठ नावा बसतील. रुंदी जेमतेम, त्यामुळे नवखा माणूस बसला की नाव उलटलीच म्हणून समजा. नुसतं सरळ बसायला शिकण्यातच कित्येक दिवस जातात.

एकट्याच्या नावेला ‘के-१’, दोघांच्या नावेला ‘के-२’ आणि चौघांच्या नावेला ‘के-४’ म्हणतात. खेळाडू तोंड पुढे करून बसतो. हातात दोन्ही टोकांना पाती असलेलं एकच वल्हं असतं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असे मिनिटाला शंभरावर फटके पडतात. दिशा सांभाळायला पायाजवळ एक दांडा असतो, तो मागच्या सुकाणूला जोडलेला. प्रत्येक नावेला आपला नऊ मीटर रुंदीचा पट्टा आखून दिलेला असतो.

बघणाऱ्याला वाटतं, हा सगळा दंडाच्या ताकदीचा खेळ. तसं नाही. पहार रोवून ओंडका सरकवावा तसं वल्हं पाण्यात रोवायचं आणि त्याच्या आधारानं नाव पुढे न्यायची. जोर येतो तो कमरेच्या पिळातून आणि पायाच्या रेट्यातून. नुसता हात ओढणारा दोनशे मीटरवर थकतो. हे तंत्र अंगी मुरायला वर्षे लागतात, आणि एकदा मुरलं की ते लवकर जात नाही. बिर्गिटबाईंच्या पुढच्या कहाणीचं इंगित बरंचसं यातच आहे.

पुरुषांसाठी ही शर्यत १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून सुरू झाली. बायकांना मात्र १९४८ साली लंडनला प्रवेश मिळाला, तोही एकाच शर्यतीपुरता. दोघींची नाव १९६० साली आली आणि चौघींची १९८४ साली.

हावेल नदीकाठची मुलगी

बिर्गिट फिशर यांचा जन्म २५ फेब्रुवारी १९६२ रोजी ब्रांडेनबुर्ग या गावी झाला. गाव हावेल नदीवर, आजूबाजूला तळीच तळी. त्या काळी हा भाग पूर्व जर्मनीत, म्हणजे कम्युनिस्ट राजवटीत होता. वडिलांनी सहाव्या वर्षीच मुलीला नावेत बसवलं. भाऊ फ्रँक हाही पुढे याच खेळात जगज्जेता झाला. पूर्व जर्मनीत चुणचुणीत पोरं लहानपणीच हेरून त्यांना खेळाच्या खास शाळांत घालीत. बिर्गिटही त्याच वाटेने गेली व पुढे पोट्सडामच्या लष्करी क्रीडा क्लबात दाखल झाली.

१९८० साली मॉस्को ऑलिंपिकमध्ये तिने एकटीच्या नावेची ५०० मीटरची शर्यत १ मिनिट ५७.९६ सेकंदांत जिंकली. वय १८. कयाकमध्ये एवढ्या लहान वयात ऑलिंपिक सुवर्ण त्यापूर्वी कोणी घेतलं नव्हतं. पुढच्याच वर्षी, १९८१ च्या जागतिक स्पर्धेत, तिने एकटीची, दोघींची आणि चौघींची अशा तिन्ही शर्यती मारल्या. नंतरच्या दोन वर्षांतही तेच.

आता १९८४ उजाडलं. बिर्गिट ऐन भरात होती, चौघींची शर्यतही त्याच वर्षी ऑलिंपिकमध्ये आली होती. पण सोव्हिएत गटाने लॉस एंजेलिस ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला आणि पूर्व जर्मनीही गेली नाही. ऊस तोडणीला यावा आणि गव्हाण बंद पडावी, तशी गत झाली. राजकारण वरचे लोक करतात, पण खेळाडूचं ते वर्ष परत येत नाही. तिने तक्रारीत वेळ न घालवता सराव चालू ठेवला, एवढं खरं.

घर, मुलं आणि वल्हं

लग्न झालं ते यॉर्ग श्मिट या नावाड्याशीच. १९८६ साली मुलगा झाला. बाळंतपणानंतर ती पुन्हा पाण्यात उतरली आणि १९८७ च्या जागतिक स्पर्धेत पुन्हा तिन्ही सुवर्णपदके घेऊन आली. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये दोघींच्या व चौघींच्या नावेत सुवर्ण मिळालं. एकटीच्या शर्यतीत मात्र बल्गेरियाच्या वान्या गेशेवाने तिला अगदी थोडक्यात मागे टाकलं. त्याच ऑलिंपिकमध्ये पतीनेही रौप्यपदक मिळवलं. सोल आणि बार्सिलोनाच्या निकालपत्रकांत ‘बिर्गिट श्मिट’ असं नाव दिसतं ते म्हणूनच.

१९८९ साली मुलगी झाली. त्याच साली बर्लिनची भिंत पडली आणि ३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही जर्मनी एक झाले. ज्या सरकारनं क्लब चालवले, शिक्षक नेमले, खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, ते सरकारच उरलं नाही. पुष्कळांची कारकीर्द तिथंच आटोपली. दोन लहान मुलांच्या या आईनं मात्र नव्या व्यवस्थेत नव्यानं जागा मिळवली. १९९२ साली बार्सिलोनात एकटीची शर्यत तिने १ मिनिट ५१.६० सेकंदांत जिंकली. बारा वर्षांपूर्वीच्या आपल्याच वेळेपेक्षा सहा सेकंदांनी कमी! वारा आणि पाणी दर ठिकाणी वेगळं असतं, शिवाय मधल्या काळात पक्ष्याच्या पंखासारख्या पात्याचं नवं वल्हंही आलं होतं. म्हणून वेळांची तुलना जपून करावी. पण तिशीची बाई अठराव्या वर्षीच्या स्वतःपेक्षा मागे नव्हती, एवढं नक्की.

एक काळी बाजू

इथं एक गोष्ट झाकून ठेवणं बरं नाही. पूर्व जर्मनीत खेळाडूंना ताकद वाढवणारी औषधं देण्याचा कार्यक्रम खुद्द सरकारच गुपचूप चालवीत होतं. भिंत पडल्यावर कागदपत्रं बाहेर आली आणि ते सिद्ध झालं. कित्येक मुलींना आपल्याला काय दिलं जातंय हेही ठाऊक नव्हतं, आणि पुढे त्यांच्या प्रकृतीची हानी झाली. त्यामुळं त्या देशाच्या त्या काळातल्या एकूण सगळ्याच यशावर सावली पडली. बिर्गिटबाईंच्या बाबतीत एवढं लक्षात घ्यावं की त्यांच्या आठ सुवर्णपदकांपैकी पाच, म्हणजे निम्म्याहून अधिक, ही ती राजवट गेल्यानंतरची, एकत्र जर्मनीसाठी मिळवलेली आहेत.

चौघींची नाव

१९९६ साली अटलांटात चौघींच्या नावेत सुवर्ण व दोघींच्या नावेत रौप्य. २००० साली सिडनीत दोन्ही नावांत सुवर्ण. वय ३८. आता पुरे म्हणून त्यांनी वल्हं खाली ठेवलं. सगळ्यांना वाटलं, झालं, आता बाई घरी बसणार.

पण २००३ साली त्या पुन्हा सरावाला आल्या. लोकांनी नाकं मुरडली असतील तर त्यात नवल नाही. कारण प्रश्न साधा नव्हता. नावेत जागा चारच. चाळिशी ओलांडलेली बाई एका जागेवर बसली की कोणा तरुण मुलीची जागा जाते. मग न्याय काय? न्याय निवड चाचणीत होतो. वजनकाट्यावर गाडी चढली की ती चेअरमनची की साध्या सभासदाची हे काटा विचारीत नाही. तसंच घड्याळ वय विचारीत नाही आणि जुनी पदकंही मोजत नाही. बाई चाचण्यांत उतरल्या आणि जागा मिळवून बसल्या.

चौघींच्या नावेत ताकदीपेक्षा मेळ मोठा. पुढची बाई लय लावते, मागच्या तिघींनी त्याच क्षणी वल्हं पाण्यात घालायचं आणि त्याच क्षणी बाहेर काढायचं. नांगराला चार बैल जुंपले आणि एक बैल नुसता पाऊलभर मागे राहिला तर काय होतं, हे तुम्हा-आम्हांला सांगायला नको. बाकीच्या तिघांना नांगरही ओढावा लागतो आणि त्यालाही. नावेतही तसंच आहे. एकीचं वल्हं उशिरा पडलं की नाव हेलकावते आणि चौघींची मेहनत पाण्यात जाते. अथेन्सला २००४ साली लय लावण्याची ही पुढची जागा ४२ वर्षांच्या बिर्गिटबाईंकडे होती. मागे माइके नोलेन, काट्रिन वाग्नर आणि कारोलिन लेओनहार्ट. यातल्या लेओनहार्टचा तर बाई मॉस्कोत जिंकल्या तेव्हा जन्मही झाला नव्हता.

समोर हंगेरीची नाव होती, जगज्जेतेपद मिळवलेली. शर्यत अगदी शेवटपर्यंत अटीतटीची झाली आणि जर्मन नावेचं टोक पाव सेकंदापेक्षाही कमी अंतराने आधी रेषेला लागलं. वयाची उणीव अनुभवाने आणि मेळाने अशी भरून निघाली. त्याच स्पर्धेत लेओनहार्टबरोबर दोघींच्या नावेत रौप्यही मिळालं. एकूण हिशेब झाला आठ सुवर्ण, चार रौप्य, म्हणजे बारा ऑलिंपिक पदके. जागतिक स्पर्धांतली पंचवीसहून अधिक सुवर्णपदके वेगळीच.

पुढे काय झालं?

२००८ साली बीजिंगला जर्मनीच्या चौघींनी पुन्हा सुवर्ण घेतलं. त्या नावेत फॅनी फिशर होती, बिर्गिटबाईंची भाची. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी, पन्नाशीत, बाईंनी आणखी एकदा तयारी सुरू केली होती. पण प्रकृतीनं साथ दिली नाही, तेव्हा त्यांनी वेळेवर माघार घेतली. हट्ट कुठवर ओढायचा हेही कळावं लागतं. त्यांच्या आठ सुवर्णांची बरोबरी २०२४ साली पॅरिसला न्यूझीलंडच्या लिसा कॅरिंग्टनने केली. तिनेही त्या एका ऑलिंपिकमध्ये एकटीची, दोघींची आणि चौघींची अशा तिन्ही शर्यती जिंकल्या.

आपल्याकडे ही शर्यत बघायला मिळणं कठीण. तरी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबात मुळा नदीवर मुलं-मुली कयाक चालवतात. त्या बाजूला जाणं झालं तर सभासदांनी जरूर पाहावं, म्हणजे वर लिहिलेलं वल्ह्याचं तंत्र डोळ्यांनी कळेल.

बाकी, पोर दहावीला गेली की खेळ बंद, लग्न झालं की पळणं बंद, आणि चाळिशी आली की सगळंच बंद, असा रिवाज आपल्या बऱ्याच घरांतून आहे. बिर्गिटबाईंचं पाहून लगेच सगळ्यांनी ऑलिंपिकला जावं असं कोणी म्हणत नाही. पण घरातली एखादी लेक किंवा सून काही शिकायला, काही करून दाखवायला उभी राहिली, तर आधी तिला काट्यावर चढू द्यावं. भरते किती, ते काटा सांगेल.