बांधावरचे जांभूळ आणि वाशीची ब्लूबेरी



या पानावर एरवी आम्ही बेणे, खत, लागणीचे अंतर हेच लिहितो. या खेपेचा विषय खाण्याचा आहे, पण तोही शेताच्या बांधावरचाच.

नवी मुंबईतले वाशीचे फळ मार्केट आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. १९९६ साली मुंबईचा फळांचा घाऊक बाजार तिथे गेला. आपल्या सातारा भागातली कितीतरी माणसे तिथे माथाडी म्हणून राबतात, वाडीगणिक एखादा तरी वाशीकर निघतोच. हिवाळ्यात महाबळेश्वर, पाचगणी, भिलारची स्ट्रॉबेरी टेंपोत भरून घाट उतरते ती या बाजाराला लागते. मे-जूनला करवंदे आणि जांभळे येतात. आणि हल्ली त्यांच्या जोडीला ब्लूबेरी दिसते, पार दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातून आलेली. (आपला खायचा पेरू नव्हे!) मूठभर फळाची डबी, पण भाव ऐकून आपला माणूस दोन पावले मागेच सरतो.

शहरातली मंडळी ती घेतात कशासाठी? तिच्यातल्या निळ्या-जांभळ्या रंगासाठी. या रंगद्रव्याला अँथोसायनिन म्हणतात. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना ते हितकारक असावे असे बरेच अभ्यास सांगतात. आता गंमत बघा. जांभूळ खाल्ल्यावर जीभ ज्याने रंगते ते द्रव्य याच कुळातले. पिकल्या करवंदाचा काळा रंग तोच, तुतीचाही तोच. म्हणजे शहर जे डबीत विकत घेते, ते आपल्या ओढ्याकाठी मातीत पडून सडते आणि पोरे पाच रुपयांच्या कुरकुरीत पुड्यासाठी दुकानाकडे पळतात.

स्ट्रॉबेरीचे म्हणाल तर शंभर ग्रॅम फळात, म्हणजे सात-आठ फळांत, ५० ते ६० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळते. मोठ्या माणसाची दिवसाची बरीचशी गरज त्यात भागते. शिवाय तिच्यात साखर थोडी, पाणी जास्त. पण ज्या बोराला आपण पोरांचे खाणे समजतो, तेही या बाबतीत स्ट्रॉबेरीपेक्षा कमी नाही. जॅमची गोष्ट मात्र वेगळी. त्यात निम्म्याहून अधिक साखरच असते. ती खपली तर कारखान्याचे भलेच आहे, पण जॅम-पोळी म्हणजे फळ खाल्ले असे कुणी समजू नये.

आमच्या मते क जीवनसत्त्वाची ही गोष्ट सर्वांत मोलाची आहे, आणि ती घरातल्या बायकांसाठी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. भांगलणीला जाणारी, लागणीला वाकणारी, घरी येऊन पुन्हा चूल पेटवणारी बाई यातच आली. चक्कर आली, धाप लागली तर "उन्हाने झालं असेल" म्हणून सोडून देतात. आपली बाजरी, मेथी, मटकी यांत लोह असते, पण ते अंगी लागायला आंबट फळाची जोड लागते. जेवणाबरोबर चार बोरे, पेरूची फोड, आवळा किंवा स्ट्रॉबेरी असली तर तेच लोह जास्त शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला की उलट होते. आरोग्य केंद्रातून मिळणारी लोहाची गोळीही चहाबरोबर घेऊ नये. जांभळाने रक्त वाढते हा समज मात्र खरा नाही. त्यात लोह फारसे नसते. रक्त कमी असेल तर तपासून गोळ्या घ्यायलाच हव्यात, फळ त्यांच्या जोडीला.

दुसरा समज मधुमेहाचा. जांभळाच्या बियांची पूड सुरू केली आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या, असे सांगणारे सभासद आम्हाला गटागटांत भेटतात. हे अंगाशी येणारे आहे. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा मधुमेहींना देऊन चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. रक्तातली साखर काही उतरली नाही. मधुमेहीने जांभूळ मूठभर जरूर खावे, पण गोळी सोडून नव्हे.

आता बांधाकडे येऊ. जेसीबी लावून बांध सरळ करण्याची हौस वाढली आहे, त्यात बोरी-जांभळी आधी जातात. "सावलीनं ऊस मार खातो" हे म्हणणे अगदी खोटे नाही, सावलीतला ऊस बारीक राहतो. पण विहिरीकडेला, ओढ्याच्या काठाला, वस्तीजवळ जागा असतेच की! करवंदाचे तर कुंपण होते, काट्यामुळे जनावर सहसा आत येत नाही.

एक गोष्ट बजावून सांगतो. उसात टू-फोर-डी किंवा दुसरे तणनाशक मारले की त्याचे तुषार बांधावरच्या झाडावर जातात. फवारणीच्या वेळी झाडावर असलेली फळे मुलांना तोडू देऊ नका. स्ट्रॉबेरी जमिनीलगत वाढते आणि तिच्यावर फवारण्याही होतात, म्हणून विकतची असो वा पाहुण्याने आणलेली, वाहत्या पाण्यात धुऊनच खावी. देठ धुतल्यावर काढावे, आधी नाही.

नवीन लावायचे असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची जांभळात 'कोकण बहाडोली' आणि करवंदात 'कोकण बोल्ड' या जाती चांगल्या आहेत. जांभळाचे कलमच घ्यावे, बियांच्या रोपाला फळ धरायला फार वर्षे जातात. खड्डे मे महिन्यात काढून तापू द्यावेत, शेणखत-माती भरून पहिल्या चांगल्या पावसानंतर लागण करावी. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी आणि शेळीपासून राखण, एवढे मात्र करावे लागते.