विश्लेषण : व्हर्च्युअल पियानोतील ‘आपला’ आवाज कसा निवडावा? पावरीला त्या यादीत जागा का नाही?

लग्नसराईत नंदुरबार जिल्ह्याच्या गावांत टिमलीच्या ठेक्यावर रात्रभर नाच रंगतो. ढोल आणि फुंकवाद्यांच्या जोडीला, अनेक ठिकाणी त्यांच्या जागी, आता इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला आहे. कंपनी कोणतीही असो, लोक त्याला ‘कॅसिओ’च म्हणतात. ज्यांना कीबोर्ड परवडत नाही, त्या शिकाऊ मुलांसाठी लॅपटॉप किंवा मोबाइलवरचे मोफत व्हर्च्युअल पियानो सॉफ्टवेअर हाच पहिला पियानो असतो. ते उघडले की आवाजांची लांबलचक यादी समोर येते. त्यात पियानोचे अनेक प्रकार, गिटार, व्हायोलिन, अगदी हेलिकॉप्टरही असते. पावरी मात्र नसते. ही यादी कशी तयार झाली, त्यातून आपल्या कामाचा आवाज कसा निवडावा आणि नसलेला आवाज कसा भरावा, याचा आढावा.

आवाज येतो कुठून?

व्हर्च्युअल पियानो मुख्यतः दोन प्रकारे वाजतो. पहिल्या प्रकारात खऱ्या वाद्याचा एकेक सूर आधी ध्वनिमुद्रित केलेला असतो. त्याला ‘सॅम्पल’ म्हणतात. कळ दाबली की तो तुकडा वाजतो. दुसऱ्या प्रकारात तारेची कंपने, हातोडीचा आघात आणि लाकडी पेटीचा घुमारा यांचे गणित संगणक त्या क्षणी करतो. पहिल्या प्रकाराला साठवणुकीची जागा जास्त लागते, दुसऱ्याला प्रोसेसरची ताकद. मोफत मिळणारे बहुतेक आवाज पहिल्या प्रकारातले असतात. ‘सालामँडर ग्रँड पियानो’ हा त्यातला नावाजलेला संच. त्यासाठी यामाहाच्या सी-५ पियानोचे सूर हळू ते जोरात अशा १६ पातळ्यांवर मुद्रित केले आहेत. त्यामुळे बोटाचा जोर बदलला की आवाज नुसता मोठा होत नाही, त्याचा पोतही बदलतो.

१२८ आवाजांची यादी काय आहे?

निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये आणि संगणक यांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून १९८३ मध्ये ‘मिडी’ ही पद्धत आली. मात्र एका कीबोर्डवरचा पहिल्या क्रमांकाचा आवाज दुसऱ्यावर भलताच निघे. म्हणून १९९१ मध्ये ‘जनरल मिडी’ हे प्रमाण ठरले आणि १२८ आवाजांना कायमचे क्रमांक मिळाले. पहिला ग्रँड पियानो, एकविसावा रीड ऑर्गन, एकशेपाचवी सतार, एकशेबारावी सनई. ठरले ते फक्त क्रमांक आणि नाव. आवाज कसा असावा हे ज्याच्या त्याच्यावर सोडले. म्हणूनच एका सॉफ्टवेअरमधली सनई खरी वाटते आणि दुसऱ्यातली पिपाणीसारखी.

या १२८ मध्ये ठळकपणे भारतीय म्हणता येतील अशी नावे सतार आणि सनई ही दोनच. हार्मोनियमला स्वतंत्र जागा नाही, रीड ऑर्गनवर भागवावे लागते. तालवाद्यांच्या वेगळ्या यादीत कोंगा, बोंगो आहेत. तबला, ढोलकी, ढोल नाहीत. कंपन्यांनी पुढे भारतीय बाजारासाठी तबला, ढोलक, हार्मोनियम असलेले कीबोर्ड आणले. पण मोफत सॉफ्टवेअरचा पाया बहुतांशी तीच जुनी यादी राहिली.

निवडताना काय ऐकावे?

यादीतला आवाज एकच कळ दाबून पसंत करू नये. तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, तीच कळ हळू आणि जोरात दाबून पाहावी. फक्त आवाज लहानमोठा होत असेल, तर संच साधा आहे. दुसरी, मंद्र सप्तकापासून तार सप्तकापर्यंत एकेक सूर वाजवावा. मोजकेच सूर मुद्रित करून बाकीचे ताणून बसवले असतील, तर मध्येच आवाज बारीक किंवा बोजड होतो. तिसरी, कळ दाबून ठेवावी आणि सूर कसा विरतो ते ऐकावे. तो अचानक तुटत असेल किंवा ‘वॉव-वॉव’ असा फिरत असेल, तर संथ गाण्यात तो उघडा पडेल.

हेडफोनवर गोड लागणारा आवाज मांडवात ढोलाशेजारी ऐकूही येत नाही, हेही लक्षात ठेवावे. घरी सरावाला मऊ पियानो चालतो. मोकळ्या मैदानात धारदार, लगेच उठणारा आवाज लागतो.

आवाज जुळवावा कसा?

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये चार नियंत्रणे असतात. अटॅक म्हणजे सूर किती झटकन उठतो, डिके म्हणजे पहिला जोर किती वेळात ओसरतो, सस्टेन म्हणजे कळ दाबलेली असताना सूर कोणत्या पातळीवर टिकतो आणि रिलीज म्हणजे बोट उचलल्यावर तो किती वेळ रेंगाळतो. ढोलावरची थाप लगेच उठते आणि ओसरते. बासरीचा सूर फुंकेबरोबर उठतो आणि फुंक असेपर्यंत टिकतो. हा फरक कानात ठेवून चारही नियंत्रणे फिरवली, तर एकाच आवाजाची अनेक रूपे मिळतात.

गायकाची पट्टी गाठण्यासाठी ‘ट्रान्सपोज’ असते. पांढरी एकवर बसवलेले गाणे काळी एकमध्ये हवे असेल, तर अधिक एक करावे. बोटे तीच राहतात. जुळलेली मांडणी स्वतःच्या नावाने ‘प्रीसेट’ म्हणून जतन करावी, नाहीतर सॉफ्टवेअर बंद होताच मेहनत वाया जाते.

हार्मोनियमचा जुना वाद इथे कसा येतो?

पियानोच्या बारा कळा समान अंतरावर लावलेल्या असतात. आपल्या गाण्यातले सूर तसे नसतात. लगतच्या दोन कळांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर षड्जाशी नैसर्गिकपणे जुळणारा शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ भाग खाली आणि कोमल गंधार सुमारे १६ भाग वर असतो. याच कारणावरून हार्मोनियमवर टीका झाली आणि १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. ती १९७१ पासून शिथिल झाली. महाराष्ट्रात कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला, तर अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची हार्मोनियम घडवली. लाकडी पेटीत ज्यासाठी इतका खटाटोप करावा लागला, ते काही सॉफ्टवेअरमध्ये ‘स्केल ट्यूनिंग’च्या रकान्यात आकडा बदलून होते. मात्र षड्ज बदलला की आकडेही नव्याने लावावे लागतात.

कळ दाबल्यावर उशीर का होतो?

संगणक आवाज छोट्या तुकड्यांत, म्हणजे ‘बफर’मध्ये पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या वेगाने १,०२४ नमुन्यांच्या बफरला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात, २५६ च्या बफरला सहाच्या आत. बफर फार कमी केला, तर जुन्या लॅपटॉपवर आवाज तडतडतो. म्हणून मधला आकडा शोधावा. ब्लूटूथ स्पीकरवर उशीर सेकंदाच्या दहाव्या भागाहून अधिक होऊ शकतो आणि ठेका चुकतो. वाजवताना साधी वायर बरी.

पावरीचा आवाज स्वतः भरता येतो का?

येतो. पावरी हे वाळलेल्या भोपळ्यापासून आणि बांबूपासून घडवलेले, कोकणा समाजात वाजवले जाणारे फुंकवाद्य. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात तिला मान असतो. शांत जागी, वाद्यापासून हात-दीड हातावर माइक ठेवून प्रत्येक सूर पाच सेकंद आणि तीन वेळा घ्यावा. आठ सुरांचे मुद्रण दोन मिनिटांचे होते. एका चॅनेलवर सीडीच्या दर्जाने ते सुमारे दहा एमबीत मावते. मोबाइलवर मुद्रण करताना आवाज आपोआप स्वच्छ करणारी सोय बंद ठेवावी. ती फुंकेचा श्वासच पुसते. ऑडॅसिटीत तुकडे कापून पॉलिफोन या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते कळांवर बसवता येतात. तयार झालेली ‘साउंडफाँट’ फाइल म्यूझस्कोरसह अनेक सॉफ्टवेअर उघडतात.

इथे एक निर्णय महत्त्वाचा ठरतो. हाताने घडवलेल्या प्रत्येक वाद्याचे सूर वेगळे असतात आणि ते पियानोच्या पट्टीत बसतीलच असे नाही. त्यांना दुरुस्त केले, तर बँडबरोबर वाजवणे सोपे होते. पण वाद्याची ओळख जाते. म्हणून दोन फाइली कराव्यात. एक वाजवण्यासाठी, पट्टीला जुळवलेली. दुसरी जशीच्या तशी, हात न लावलेली. वाद्य घडवणारे आणि वाजवणारे हात कमी झाले, तर खरा सूर कोणता होता हे दुसऱ्या फाइलवरूनच कळेल.

कोणती काळजी घ्यावी?

ज्याचे वाद्य, त्याची परवानगी आधी. देवकार्यातला सूर लग्नाच्या डीजेवर वाजवणे काहींना रुचणार नाही. वापर कुठे होणार हे आधीच सांगावे. वादकाचे नाव, गाव, तारीख आणि वाद्याचा तपशील त्याच्या संमतीने फाइलसोबत लिहून ठेवावा. तयार संच वापरताना त्याच्या परवान्यात व्यावसायिक वापराला मुभा आहे का, हे पाहावे. १२८ आवाजांची यादी प्रमाण म्हणून कायम राहील. पण साउंडफाँटमध्ये तिच्यापलीकडे मोकळ्या जागा असतात. नंदुरबारच्या शाळकरी मुलाला पियानोच्या शेजारी पावरीचे नाव दिसावे, यासाठी कोणत्याही कंपनीची वाट पाहण्याची गरज नाही.