पिकाचा प्रकाश पिकाला, उरलेला विजेला
हरितगृहासाठी सेंद्रिय सौरघट : संशोधन कोठवर आले?

‘सेंद्रिय’ हा शब्द उच्चारताच शेतकऱ्यांच्या डोळ्यांसमोर शेणखत, गांडूळखत आणि जीवामृत उभे राहते. सौरऊर्जेच्या संशोधनात मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. ज्यांच्या रेणूंचा सांगाडा कार्बनचा असतो, अशा पदार्थांना रसायनशास्त्र सेंद्रिय म्हणते. अशा पदार्थांच्या पातळ थरापासून बनवलेला, प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारा घट म्हणजे सेंद्रिय सौरघट. तो सिलिकॉनच्या पॅनेलची जागा घेईल का, असे अनेकदा विचारले जाते. शेतीच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न दुसराच आहे : जेथे सिलिकॉनचे पॅनेल बसवणे अडचणीचे ठरते, त्या हरितगृहाच्या छतावर हा घट उपयोगी पडेल का?

छत एक, मागण्या दोन

हरितगृहातील पंखे, फॉगर, ठिबकचे पंप आणि नियंत्रण यंत्रणा यांना वीज लागते. सर्वाधिक ऊन पडते ते छतावर. पण त्याच उन्हावर आतील पीक वाढते. सिलिकॉनचे पॅनेल अपारदर्शक असते. काच आणि चौकटीसह त्याचे वजन दर चौरस मीटरला १० किलोग्रॅमच्या आसपास जाते. पॉलिथीनचा कागद पेलण्यासाठी उभारलेल्या सांगाड्याला हा भार आणि पिकाला ही सावली, दोन्ही जड जातात.

खुल्या शेतात यावर तोडगा निघाला आहे. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने १०५ किलोवॅट क्षमतेची कृषि-सौर प्रणाली उभारून पॅनेलच्या ओळींमधील जागेत पिके घेतली. हरितगृहात मात्र अशी मोकळी ओळ नसते. तेथे प्रकाशाची वाटणी जागेनुसार न करता रंगानुसार करावी लागते.

प्रकाशाची वाटणी

प्रकाशसंश्लेषणासाठी पीक मुख्यतः ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरते. हरितद्रव्य त्यातील निळा आणि तांबडा भाग विशेष शोषते. सूर्याच्या ऊर्जेचा सुमारे निम्मा वाटा या पट्ट्याबाहेर, प्रामुख्याने अवरक्त भागात असतो. त्याचा प्रकाशसंश्लेषणाला उपयोग नसतो, उलट उन्हाळ्यात हरितगृहाचे तापमान वाढते.

सेंद्रिय रेणूची रचना बदलून तो कोणता प्रकाश शोषेल हे बऱ्याच अंशी ठरवता येते. सिलिकॉनमध्ये ही सोय नाही. २०१९ मध्ये चिनी संशोधकांनी प्रसिद्ध केलेला ‘वाय-६’ हा रेणू सुमारे ९०० नॅनोमीटरपर्यंतचा अवरक्त प्रकाश टिपतो. मात्र ही निवड काटेकोर नसते. घटातील जोडीदार पदार्थ काही दृश्य प्रकाशही शोषतो, त्यामुळे पिकाचा थोडा वाटा जातोच.

तो किती गेला तर चालेल? अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय सौरघटांच्या थरांतून गाळून आलेल्या प्रकाशात लाल पानांचे लेट्यूस वाढवले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात उत्पादनात लक्षणीय घट आढळली नाही. निष्कर्ष आशादायक आहे. परंतु लेट्यूस ही कमी प्रकाशात भागवून घेणारी पालेभाजी आहे. ढोबळी मिरची, टोमॅटो किंवा जरबेरा यांना हाच निष्कर्ष लावता येणार नाही.

एक टक्क्यापासून पुढे

प्लॅस्टिकसारखा पदार्थ वीज वाहू शकतो, हे १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी दाखवले. त्यासाठी त्यांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८६ मध्ये चिंग टँग यांनी दोन सेंद्रिय थरांचा घट सिद्ध केला. त्याची कार्यक्षमता होती सुमारे १ टक्का. आज प्रयोगशाळेतील लहान घटांनी १९ टक्क्यांची पातळी ओलांडली आहे. मोठ्या आकाराच्या आणि अर्धपारदर्शक घटांत हा आकडा बराच खाली येतो, कारण पिकासाठी सोडलेल्या प्रकाशाची वीज होत नाही.

तरीही हिशेब करून पाहण्यासारखा आहे. भर दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट सौरऊर्जा पडते. ५ टक्के कार्यक्षमता धरली तर ५० वॅट वीज मिळते. १० गुंठ्यांच्या, म्हणजे सुमारे १००० चौरस मीटरच्या हरितगृहाचे निम्मे छत झाकल्यास कमाल क्षमता २५ किलोवॅट होते. ढग, धूळ आणि छताचा उतार यांमुळे प्रत्यक्ष उत्पादन कमी राहील.

धाटे आणि दाणे : संवाहक संमिश्रांचे काम

घटात तयार झालेली वीज बाहेर आणण्यासाठी त्याच्या पृष्ठभागावर पारदर्शक आणि संवाहक थर लागतो. प्रचलित इंडियम-टिन ऑक्साइडचा थर ठिसूळ असतो. वाकवल्यास त्याला तडे जातात. वाऱ्याने फडफडणाऱ्या छतासाठी तो योग्य नाही. म्हणून संवाहक पॉलिमरमध्ये चांदीच्या नॅनोतारा किंवा कार्बनच्या नॅनोनळ्या मिसळून संमिश्रे तयार केली जातात.

त्यामागील तत्त्व खळ्यावरच्या उदाहरणाने समजेल. जमिनीवर ज्वारीचे दाणे विरळ पसरले तर ते सुटे राहतात; तेवढ्याच वजनाची लांब, बारीक धाटे पसरली तर ती एकमेकांना सहज टेकतात. नॅनोतारा आणि नॅनोनळ्या जाडीच्या मानाने अतिशय लांब असतात. त्यामुळे अल्प प्रमाणातही त्यांचे सलग जाळे तयार होते. त्यातून वीज वाहते आणि मोकळ्या जागेतून प्रकाश आत जातो.

येथे शेतीचा एक प्रश्न उभा राहतो. गंधकाच्या संयुगांनी चांदी काळवंडते, आणि भुरी रोगासाठी हरितगृहात गंधकाचा वापर होतो. त्यामुळे चांदीच्या नॅनोतारांना भक्कम आवरण हवे, अन्यथा कार्बनआधारित पर्याय निवडावा लागेल. प्रयोगशाळेच्या स्वच्छ हवेत ही अडचण दिसणार नाही; ती शेतावरच्या चाचणीतच समोर येईल.

आयुष्याची कसोटी

प्राणवायू, बाष्प आणि अतिनील किरण हे सेंद्रिय थराचे शत्रू आहेत. दमट हरितगृहात त्यांच्याशी रोजची गाठ. सिलिकॉनच्या पॅनेलला साधारणतः २५ वर्षांची हमी मिळते; तिच्याशी सेंद्रिय घटाला अद्याप बरोबरी करता येत नाही. परंतु हरितगृहाचा २०० मायक्रॉनचा कागदही तीन-चार वर्षांनी बदलावाच लागतो. घट त्या कागदाइतका टिकला आणि कागदाबरोबरच बदलता आला, तर अल्प आयुष्य हा दोष राहणार नाही. प्रश्न उरेल तो किमतीचा.

विस्तार कार्यकर्त्यांनी काय सांगावे?

सौर पंपासाठी किंवा शेडच्या छतासाठी सिलिकॉनचे पॅनेल आजही योग्य आहे. नव्या तंत्राच्या प्रतीक्षेत तो निर्णय लांबवू नये. ‘वीज देणारा पॉलिहाऊसचा कागद’ घेऊन कोणी विक्रेता आला, तर पुढील बाबी लेखी मागाव्यात :

• ४०० ते ७०० नॅनोमीटर पट्ट्यातील किती टक्के प्रकाश आत येतो?
• आपल्या पिकावर, आपल्यासारख्या हवामानात किमान एक पूर्ण हंगाम चाचणी झाली आहे का?
• दमट हवेत, गंधकाच्या फवारणीनंतर वीजनिर्मिती किती उरते?
• हमी किती वर्षांची, आणि ती कार्यक्षमतेचीही आहे का?
• फाटलेला कागद परत घेण्याची व्यवस्था काय? चांदीचे आयन मातीतील सूक्ष्मजीवांना अपायकारक असल्याने तो बांधावर टाकणे किंवा जाळणे योग्य नाही.

हरितगृहातील पहिला हक्क पिकाचा आहे. ज्या घटामुळे विजेचे बिल घटते पण फुलांची प्रत उतरते, तो शेतकऱ्याच्या कामाचा नाही. म्हणून या तंत्राची चाचणी घेताना युनिटबरोबर उत्पादनाचे वजन आणि प्रतही एकाच नोंदवहीत लिहावी.