आवळणे आणि बसणे : मोटारीच्या सांध्यातील निमुळत्या छिद्राची घडण

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाणारा मार्ग आंबा घाटाने सह्याद्री चढतो. या घाटातील प्रत्येक वळणावर चालकाच्या हातातील स्टीअरिंगची आज्ञा पुढील चाकांपर्यंत पोचते ती काही दांड्यांच्या आणि त्यांना जोडणाऱ्या बॉल जॉइंटांच्या द्वारे. बॉल जॉइंटमध्ये एक पोलादी गोळा खोबणीत फिरत असतो. त्या गोळ्यातून निघालेला खुंट समोरच्या आर्मच्या छिद्रात बसवून वर नट आवळलेला असतो. हा खुंट सरळ नसून निमुळता असतो आणि छिद्रही तसेच निमुळते असते. या दोन निमुळतेपणांचा मेळ जमला तर सांधा वर्षानुवर्षे टिकतो. न जमला तर तो मोडतो, आणि मोडण्यापूर्वी तो फारशी पूर्वसूचना देतोच असे नाही.

हा मेळ कारखान्यात यंत्रावर साधलेला असतो. परंतु जुन्या गाड्यांच्या बाबतीत तो पुष्कळदा घरच्या पडवीत हाताने साधावा लागतो. प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले, अँबॅसडरचे २०१४ मध्ये. अशा गाड्या जपणाऱ्यास मूळ सांधा मिळाला नाही, तर तो दुसऱ्या गाडीचा सांधा आणतो व आपल्या गाडीतील आर्मचे छिद्र त्याच्या मापाचे करू पाहतो. त्यासाठी निमुळता रीमर हे हत्यार वापरावे लागते.

निमुळती जोडणी का धरते, हे समजण्यास यंत्रशास्त्राकडे जाण्याची गरज नाही. जांभा खणणाऱ्या टिकावाच्या दांड्याचे उदाहरण पुरेसे आहे. या दांड्याचे एक टोक जाड असते. बारीक टोकाकडून पाते ओवून ते जाड टोकाकडे सरकवितात. पुढे प्रत्येक घावाबरोबर ते अधिकच घट्ट होते. त्यास खिळा लागत नाही. मोटारीच्या खुंटाचे तत्त्व हेच होय. खुंटाच्या कडेचा उतार इतका अल्प असतो की पोलादावर पोलादाचे घर्षण त्यास मागे सरकू देत नाही. म्हणूनच नट काढल्यावरही खुंट आपोआप निघत नाही. आर्मच्या डोळ्यावर बाजूने हातोडा मारून त्यास धक्का द्यावा लागतो. भार वाहण्याचे काम या दाबून बसलेल्या पृष्ठभागाचे आहे. खुंटास जागी ओढून धरणे एवढेच नटाचे काम.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते व तेथूनच त्यांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. परंतु त्याच गावातील गॅरेजात रीमर, नट, बॉल जॉइंट ही नामे इंग्रजीतूनच आली आणि राहिली. क्रियापदे मात्र मराठीच आहेत : नट 'आवळतात', सांधा 'बसतो'. परभाषेतून नामे सुलभतेने येतात, क्रियापदे त्या मानाने कमी येतात, हे भाषासंपर्काच्या अभ्यासकांस परिचित आहे. प्रस्तुत प्रकरणी या दोन क्रियापदांतील भेद केवळ शब्दांचा नाही. 'आवळणे' ही कर्त्याची क्रिया आहे. 'बसणे' ही वस्तूची अवस्था आहे. पहिली केल्याने दुसरी साधतेच असे नाही.

उलट 'निमुळता' हे विशेषण आकार सांगते, प्रमाण सांगत नाही. आणि घोटाळा प्रमाणातच होतो. पुष्कळ अमेरिकी गाड्यांत हा निमुळतेपणा १:८ असतो, म्हणजे ८ मिलिमीटर लांबीत व्यास १ मिलिमीटरने घटतो. युरोपीय व जपानी गाड्यांत १:१० हे प्रमाण वारंवार आढळते. दोन्ही खुंट डोळ्यास सारखेच दिसतात. आता आर्मची जाडी १६ मिलिमीटर धरली, तर १:८ च्या छिद्राचा व्यास एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत २ मिलिमीटरने बदलतो, १:१० च्या खुंटाचा १.६ मिलिमीटरने. खुंट अरुंद टोकाशी टेकतो आणि रुंद टोकाशी प्रत्येक बाजूस ०.२ मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाच्या दोन पानांएवढी, फट राहते. चाकाच्या प्रत्येक हादऱ्यासरशी खुंट तेवढ्या जागेत डुलतो, वारंवार वाकतो आणि अखेर थकून तुटतो.

म्हणून रीमर विकत घेण्यापूर्वी खुंट मोजावा. व्हर्निअरने दोन ठिकाणचे व्यास घ्यावेत. दहा मिलिमीटर अंतरावर १५ आणि १४ अशी मापे आली तर प्रमाण १:१०. १५ आणि १३.७५ आली तर १:८. छिद्राचे रुंद तोंड गोळ्याच्या बाजूस असावे लागते. रीमर त्याच बाजूने घालावयाचा. ही दिशा चुकली तर आर्म वाया गेला असे समजावे.

आर्म व्हाइसमध्ये पक्का धरून रीमर टॅप हँडलने सावकाश, सरळ उभा धरून फिरवावा. पोलादास कटिंग ऑइल द्यावे. बीड कोरडेच कापले तरी चालते. फिरविणे नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. बाहेर काढतानाही उलट फिरवू नये, कारण उलट फिरविल्याने धार बोथट होते व कीस अडकून छिद्रास ओरखडे पडतात. काही फेऱ्यांनंतर कीस पुसून खुंट घालून पाहावा. १:१० च्या प्रमाणात व्यास ०.१ मिलिमीटरने वाढला की खुंट १ मिलिमीटर खाली जातो. जे धातू निघाले ते परत येत नाही, आणि अशा आर्मवर वेल्डिंगचा भर घालून ते भरून काढणे धोक्याचे असते.

अती कापल्याने काय होते, तेथेच उपरोक्त क्रियापदांचा भेद प्राणांशी गाठ घालतो. खुंट फार खोल गेला की त्याचा आटे नसलेला भाग छिद्राच्या वर येतो. नट त्या भागावर जाऊन अडतो. पाना सांगतो की नट पूर्ण आवळला गेला; खुंट मात्र ओढला गेलेलाच नसतो. हाताला लागलेला घट्टपणा खरा असतो, परंतु तो नटाचा असतो, सांध्याचा नव्हे.

सांधा बसला की नाही, याची साक्ष निळ्या रंगाकडून घ्यावी लागते. खुंटावर प्रशियन ब्लू या रंगाचा अतिपातळ लेप देऊन तो छिद्रात दाबावा, किंचित फिरवावा व काढून छिद्र पाहावे. रंग सर्वत्र सारखा उमटला असेल तरच मेळ जमला. एकाच टोकाशी कडे उमटले असेल तर प्रमाण चुकले आहे, आणि कितीही आवळले तरी ते सुधारणार नाही. परीक्षा उतरल्यावर रंग व तेल पूर्णपणे पुसून नट ठरलेल्या जोराने आवळावा. कॉटर पिनेचे भोक जुळत नसल्यास नट सैल न करता पुढच्या खाचेपर्यंत आवळावा. त्यानंतरही ज्यास या परीक्षेविषयी शंका उरेल, त्याने गाडी घाटात नेण्यापूर्वी तो सांधा जाणत्या कारागिरास दाखवावा.