ईद्राची दुपार

ग्रीसमधल्या पिरियसच्या धक्क्यावरून सुटलेली जलद बोट दोनेक तासांत ईद्राला लागते. नकाशात हे बेट हायड्रा म्हणून सापडतं, तिथली माणसं मात्र ‘ईद्रा’ म्हणतात. बोटीचं इंजिन थांबलं की कानावर आधी पडतो तो खेचरांच्या नालांचा आवाज. कचऱ्याचे ट्रक आणि आणीबाणीची वाहनं सोडली तर बेटावर मोटारींना बंदी आहे. २०११ च्या मे महिन्यात मी पहिल्यांदा उतरलो, तेव्हा समोरून एक खेचर चढ चढत होतं. एका अंगाला कपडे धुण्याचं मशीन आणि तोल साधायला दुसऱ्या अंगाला सिमेंटची पोती. मागून चालणारा माणूस दोरी हातात धरून मोबाईलवर कुणाशी तरी भांडत होता. माथेरान पाहिलेल्याला याचं नवल वाटायला नको. मला मात्र वाटलं. माथेरानला समुद्र नाही, हे एक कारण असेल.

‘ग्रीक बेटावरची निवांत सुट्टी’ म्हणून जे विकलं जातं, त्याच्या घडणीत या बेटाचा वाटा मोठा आहे. पण ईद्रा मुळात शांत नव्हतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे गजबजलेलं बंदर होतं. नेपोलियनच्या युद्धांत इथल्या कप्तानांनी नाकेबंदी चुकवून धान्य पोचवलं आणि बख्खळ पैसा केला. बंदराभोवती चढत गेलेले राखाडी दगडी वाडे त्या पैशातून उभे राहिले. १८२१ मध्ये तुर्की सत्तेविरुद्ध उठाव झाला, तेव्हा या एवढ्याशा खडकाने शंभराहून अधिक जहाजं लढाईत उतरवली. स्वातंत्र्य मिळालं, पण त्या लढाईत बेटाची कंबर मोडली. पुढे वाफेची जहाजं आली आणि व्यापार दुसऱ्या बंदरांकडे गेला. मागे उरला समुद्रतळाशी जाऊन स्पंज काढण्याचा धंदा, आणि त्यात पाणबुडे लुळे होऊन परत यायचे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तरुण माणसं पिरियसला, अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला निघून गेलेली होती आणि वाड्यांना कुलपं होती. आपण ज्या शांततेसाठी तिकीट काढतो, ती या कुलपांची आहे.

बाहेरच्यांना तिचा शोध लागायला वेळ लागला नाही. अमेरिकन लेखक हेन्री मिलर १९३९ मध्ये चित्रकार घीकाच्या वाड्यावर येऊन गेला. पण मुक्काम ठोकणाऱ्यांची खरी सुरुवात झाली ती शार्मियन क्लिफ्ट आणि जॉर्ज जॉन्स्टन या ऑस्ट्रेलियन लेखक दांपत्यापासून. लंडनची नोकरी सोडून दोघं मुलांना घेऊन १९५४ मध्ये आधी कालिम्नोस या स्पंजवाल्यांच्या बेटावर गेली आणि पुढच्या वर्षी ईद्राला आली. त्यांना कालिम्नोसला ओढून नेणारा विषयच मोठा बोलका होता. तिथल्या पाणबुड्यांना ऑस्ट्रेलियात मोती काढायला न्यायची योजना चालली होती, आणि त्यावर या दोघांना लिहायचं होतं. म्हणजे कालिम्नोसचे लोक ऑस्ट्रेलियाला जायला निघाले होते आणि ऑस्ट्रेलियन लेखक कालिम्नोसला पोचत होते.

क्लिफ्टची ईद्रावरची आठवणवजा पुस्तकं आजही सुट्टीचं वाचन म्हणून नेली जातात. वाचणाऱ्याला त्यात समुद्र दिसतो. मला त्यात वाण्याची उधारी जास्त दिसते, गळकं छप्पर दिसतं, आणि एकीकडे मुलं सांभाळत दुसरीकडे पान पूर्ण करणारी बाई दिसते. जॉन्स्टनला क्षयाने गाठलं. त्याची गाजलेली कादंबरी ‘माय ब्रदर जॅक’ याच घरात लिहून झाली, १९६४ मध्ये छापली गेली, आणि त्याच वर्षी दोघांनी बेट सोडलं. निवांतपणा त्यांना परवडला नाही असं म्हणणं सोपं आहे. मला वाटतं, तो त्यांना फारसा मिळालाच नाही. संध्याकाळी बंदरावर बाटली उघडून बसायला मात्र सगळे यायचे.

त्या टेबलापाशी १९६० मध्ये लिओनार्ड कोहेन नावाचा पंचविशीतला कॅनेडियन कवी येऊन बसला. आजीकडून वारशात आलेल्या पैशातून त्याने १,५०० डॉलरला घर घेतलं. घरात वीज नव्हती, नळ नव्हता. पुढे विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा खिडकीसमोरून गेल्या, तेव्हा तो खट्टू झाला, आणि मग त्या तारांवर पाखरं येऊन बसली. ‘बर्ड ऑन द वायर’ या गाण्याचा उगम तो स्वतः तिथे सांगायचा. खालच्या गल्लीतल्या बाईला विजेचा दिवा लागल्याचा आनंद झाला असणारच. त्यावर गाणं कुणी केलं नाही.

सिनेमा तर आधीच पोचला होता. १९५७ च्या ‘बॉय ऑन अ डॉल्फिन’मध्ये सोफिया लॉरेन ईद्रावरची स्पंज काढणारी पाणबुडी झाली. स्पंजचा खरा धंदा तोवर शेवटचे आचके देत होता.

याच काळाच्या आगेमागे ग्रीसमध्ये बेटावर जाण्याचा आणखी एक अर्थ होता, आणि माहितीपत्रकांत तो सापडत नाही. महायुद्धानंतरच्या यादवीच्या वर्षांत हजारो डाव्यांना बेटांवर हद्दपार केलं जात होतं. संगीतकार मिकिस थिओडोराकिस इकारियाला, मग माक्रोनिसोसच्या छळछावणीत. कवी यानिस रित्सोस लेम्नोस, माक्रोनिसोस, आय स्त्रातिस असा फिरवला गेला. १९६७ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा त्याला पुन्हा उचलून यारोसला आणि लेरोसला नेलं. आज इकारियाला लोक दीर्घायुष्याचं रहस्य शोधायला आणि झोप काढायला जातात. बोट क्वचित येते, कुणी त्रास द्यायला नाही, जगाशी संबंध नाही – शिक्षा देणाऱ्यांनी बेट निवडलं ते याच गुणांसाठी.

मग गर्दी झाली, ती सगळ्यांना ठाऊक आहे. २००३ च्या ‘चलते चलते’मध्ये शाहरुख आणि राणी मिकोनोसला नाचले, आणि आपल्याकडच्या हनीमूनच्या यादीत ग्रीस आलं. २०२३ मध्ये कोटीभर वस्तीच्या या देशात ३ कोटी २७ लाख परदेशी पाहुणे आले. सँटोरिनी आणि मिकोनोसला क्रूझने उतरणाऱ्यांना २०२५ पासून ऐन मोसमात माणशी २० युरो कर बसला.

ईद्रा त्या मानाने वाचलं. विमानतळ नाही, मोठे वाळूचे किनारे नाहीत, पाणी इतकं कमी की वर्षानुवर्षं ते जहाजाने आणावं लागे. नावाचा संबंध ग्रीकमधल्या पाण्याच्या शब्दाशी जोडतात, ही त्यातली गंमत. पण पैसा शांततेचा वास काढत येतोच. जून २०२४ मध्ये एका यॉटवरून उडवलेल्या फटाक्यांनी इथलं पाइनचं जंगल पेटलं. त्या बाजूला गाडीरस्ता नाही, त्यामुळे आग विझवणाऱ्यांचे हाल झाले. सप्टेंबरात मी दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा बंदरात यॉटी पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त होत्या.

खोली मात्र तीच मिळाली, घरमालकीणही तीच. ग्रीसमध्ये उन्हाळ्यात दुपारी तीन ते साडेपाच शांतता पाळायचा कायदाच आहे. पुणेकरांना एक ते चारवरून हसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्या वेळात सगळी गल्ली मिटलेली असते. पांढऱ्या भिंतीवर ऊन, पायरीवर मांजर, लांब कुठेतरी एकच घुंगूर. मी वहीत काहीतरी खरडत अंगणात बसलो होतो, आणि स्वयंपाकघरातून रेडिओ चालल्याचा बारीक आवाज येत होता.

तिने कॉफी आणून ठेवली. तळाशी गाळ जाड, शेजारी पाण्याचा पेला. आवाजाचा त्रास होतोय का, असं तिने मोडक्या इंग्रजीत विचारलं. नाही म्हटलं. रेडिओ दिवसभर लागतो, म्हणाली, नवरा गेल्यापासून. दोन्ही मुलं अथेन्सला. तुम्ही सगळे मे ते सप्टेंबर येता. जानेवारीत या एकदा. दक्षिणेचा वारा सुटला की बोट येत नाही. या गल्लीतल्या अकरा घरांपैकी तीनच घरांत तेव्हा दिवा असतो.

मग मुंबईत माझ्या घराखाली काय आहे, असं तिने विचारलं. मी सांगितलं, बसथांबा, भाजीवाले, एक शाळा. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘‘शाळा? मग सकाळी मुलं ऐकू येत असतील.’’